मूत्रपिंडाची वर्षे

मधुमेह असलेली, पन्नाशीतली दोन माणसे घेऊ. रक्ततपासणीच्या कागदावर ‘ईजीएफआर’ या नावाने येणारा आकडा, म्हणजे मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता, दोघांचीही आज ४५ आहे. पहिल्याची दरवर्षी ५ ने उतरते, दुसऱ्याची २ ने. हा आकडा १५ च्या खाली गेला की आजाराचा पाचवा, शेवटचा टप्पा सुरू होतो. डायलिसिसची किंवा प्रत्यारोपणाची तयारी करावी लागते. पहिला तिथे सहा वर्षांत पोहोचतो. तेव्हा मुलांची शिक्षणे चालू असतात, घराचे हप्ते फिटायचे असतात. दुसरा पंधरा वर्षांनी पोहोचतो, आणि कदाचित पोहोचतही नाही. आजार दोघांचाही बरा झालेला नाही, फरक फक्त वेगाचा आहे. हा वेग कमी करण्यात औषधांचा वाटा किती, रोजच्या वागण्याचा किती, आणि माणसाचे वागणे मुळात बदलते कशाने, याबद्दल गेल्या तीसेक वर्षांत बरेच काही कळले आहे. त्याचा हा आढावा.

प्रश्न किती मोठा आहे, हे आधी पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. भारतातल्या मूत्रपिंड रुग्णांची नोंदवही २०१२ साली प्रसिद्ध झाली, तीत बावन्न हजारांवर रुग्ण होते. त्यांतल्या ३१ टक्के लोकांच्या आजाराचे मूळ मधुमेहात होते, सुमारे १३ टक्क्यांचे रक्तदाबात. १६ टक्के रुग्णांत कारण सापडलेच नाही. आंध्रातल्या उद्दानम भागात शेतकरी-मजुरांना होणारा मूत्रपिंडाचा आजार असाच कारण न सापडलेला आहे. तो वेगळा आणि गंभीर विषय आहे. इथे बोलायचे आहे ते शुगर आणि बीपी या दोन ओळखीच्या कारणांविषयी, कारण त्यांच्यावर काय करायचे हे आपल्याला माहीत आहे आणि तरीही ते होत नाही.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात. लघवी होते ती दीड-दोन लिटर. साखर वाढलेली असली की गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी सैलावते, बाहेर नेणारी आवळली जाते आणि गाळणीच्या आतला दाब चढतो. वरून बीपी वाढलेले असेल तर तो दाबही थेट आत पोहोचतो. काही गाळण्या निकामी झाल्या की त्यांचे काम उरलेल्यांवर पडते, त्यांच्यातला दाब वाढतो आणि त्याही खराब होऊ लागतात. अमेरिकी मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही साखळी मांडली. आज वापरली जाणारी बहुतेक उपयोगी औषधे गाळणीतला हा दाब उतरवतात, आणि मीठ कमी करण्याचा फायदाही बराचसा तिथेच होतो.

ही पडझड दुखत नाही. पायावर सूज, मळमळ, खाज, धाप ही लक्षणे फार उशिरा येतात. ‘क्रिएटिनीन नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकून घरी परतलेल्या माणसाची निम्मी क्षमता गेलेली असू शकते, कारण क्रिएटिनीन तोवर फारसे हलत नाही. त्याच्या कितीतरी आधी एक खूण मिळते: लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागते. लघवीच्या एका नमुन्यात अल्ब्युमिन आणि क्रिएटिनीन यांचे प्रमाण काढतात. ते ३० मिलिग्रॅमच्या वर आणि तीन महिन्यांनीही तसेच असेल तर मूत्रपिंडाला इजा होत आहे असे धरतात. ३०० च्या वर म्हणजे धोका मोठा. टाइप २ मधुमेहाचे निदान होते त्याच वेळी ही तपासणी व्हावी आणि मग दरवर्षी व्हावी, हा जगभरचा मान्य नियम आहे. आपल्याकडे मात्र दर महिन्याला उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर न चुकता करून घेणारी माणसे वर्षानुवर्षे लघवी तपासत नाहीत. त्यांना कोणी सांगितलेले नसते. वागणे बदलायचे म्हटले की आपण लगेच चालणे आणि गोड सोडणे यांच्याकडे वळतो. माझ्या मते यादीत सर्वांत वर वर्षातून एकदा लघवीची ही तपासणी हवी.

वेग कमी करता येतो याचे पुरावे भक्कम आहेत. टाइप १ मधुमेहावरचा ‘डीसीसीटी’ हा अमेरिका-कॅनडातला अभ्यास १९९३ साली आला. साखर काटेकोर ठेवलेल्यांच्या लघवीत अल्ब्युमिन दिसू लागण्याचे प्रमाण बरेच घटले. ब्रिटनच्या ‘यूकेपीडीएस’ने १९९८ मध्ये टाइप २ मधुमेहींबद्दल दाखवले की सरासरी बीपी १५४/८७ ऐवजी १४४/८२ ठेवले तर डोळे-मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी होतात. फरक फक्त दहा अंकांचा होता, आणि १४४ हा आकडा आजच्या हिशेबाने चांगलाही म्हणता येणार नाही.

पण या विषयात मला सर्वांत बोलका वाटतो तो डेन्मार्कचा ‘स्टेनो-२’ हा अभ्यास. तो लहान होता. टाइप २ मधुमेह असलेली आणि लघवीत अल्ब्युमिन दिसू लागलेली फक्त १६० माणसे त्यात होती. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांच्या साखर, बीपी, चरबी, आहार, व्यायाम, तंबाखू या सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष दिले गेले. डॉक्टर, नर्स आणि आहारतज्ज्ञ यांचा तोच चमू त्यांना ठरावीक काळाने भेटत राहिला. सिगारेट सोडण्याच्या वर्गाला जोडीदारालाही बोलावले जाई. पावणेआठ वर्षांनंतर दुसऱ्या गटात मूत्रपिंडाचा विकार बळावण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. एकवीस वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा ही माणसे पहिल्या गटापेक्षा सरासरी जवळपास आठ वर्षे अधिक जगली होती. या यशामागे आणखी एक गोष्ट आहे. इतके लक्ष देऊनही धूम्रपान सुटणे आणि व्यायाम वाढणे या दोन बाबतींत दोन्ही गटांत फारसे अंतर पडले नव्हते. अंतर पडले ते मुख्यतः औषधे नियमित पोटात जाण्यात आणि ती वेळच्या वेळी वाढवली जाण्यात. माणसाला बदलणे अवघड असते, हे त्या अनुभवी चमूलाही मान्य करावे लागले. मात्र त्यांनी त्याची सोबत सोडली नाही.

दुसऱ्या बाजूला अमेरिकेतला ‘लुक अहेड’. त्यात पाच हजारांहून अधिक, वजन जास्त असलेले मधुमेही होते, आणि भर औषधांऐवजी आहार, चालणे आणि वजन उतरवणे यांवर होता. हृदयविकार कमी होतील ही आशा फोल ठरली आणि २०१२ मध्ये अभ्यास थांबवला गेला. वर्तमानपत्रांत त्याची नोंद अपयश म्हणून झाली. दोन वर्षांनी मूत्रपिंडांची आकडेवारी आली तेव्हा मात्र दिसले की जीवनशैलीच्या गटात मूत्रपिंडविकार अतिजोखमीच्या पातळीला जाण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी होते. चालण्याने आणि वजन उतरवण्याने मूत्रपिंडे वाचत नाहीत असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. आठवड्याला दीडशे मिनिटे दमदार चालणे आणि पोटाचा घेर कमी करणे, याबद्दल वाचकाने इतरत्र पुष्कळ वाचलेले आहे. म्हणून तो भाग इथे थोडक्यात सोडून देतो.

गोळी घेणे हेसुद्धा वागणेच आहे, आणि ते फार दुर्लक्षित आहे. लोसार्टन आणि इर्बेसार्टन या औषधांनी मधुमेहींच्या मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावतो हे २००१ साली सिद्ध झाले. आपल्याकडे बीपीसाठी सर्रास दिली जाणारी टेल्मिसार्टन त्याच कुळातली. २०१९ नंतर कॅनाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांच्या चाचण्यांत आजार बळावण्याचे प्रमाण आणखी घटले. डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत ते ३९ टक्क्यांनी खाली आले. याच औषधाचे पेटंट २०२० मध्ये भारतात संपले आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. म्हणजे दहा वर्षांपूर्वी नव्हते असे बळ आज साध्या दवाखान्यातही मिळू शकते. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच नोंदवले होते की श्रीमंत देशांतही दीर्घ आजारांची औषधे निम्मेच लोक नीट घेतात. आपल्याकडे गोळी सुटण्याची कारणे ऐकली की त्यांतला तर्क कळतो. ‘बीपी नॉर्मल आलं, मग गोळी कशाला?’ ‘एकदा सुरू केली की सवय लागते.’ ‘इतक्या गोळ्यांनी किडनी खराब होईल.’ तिसरी भीती सर्वांत घातक आहे, कारण ती मूत्रपिंड वाचवणारी गोळीच बंद करायला लावते. टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनीन थोडे चढू शकते. गाळणीतला दाब उतरल्याची ती खूण असते आणि ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर लक्ष ठेवून चालवून घेतात. हे आधी सांगितले नाही तर तो कागद पाहून रुग्ण घाबरतो आणि गोळी कायमची टाकतो. याउलट जुलाब-उलट्या लागल्या, खाणेपिणे बंद झाले की यांतल्या काही गोळ्या दोन-तीन दिवस थांबवाव्या लागतात. तेही आधीच विचारून, कागदावर लिहून ठेवायचे असते.

मूत्रपिंडांना खरोखर इजा करणाऱ्या गोळ्या वेगळ्याच आहेत, आणि त्यांची भीती कोणालाच वाटत नाही. गुडघे धरले, कंबर भरली, की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या आणि कामाला लागायचे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आकसतो. बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक अशी तिन्ही एकाच वेळी पोटात गेली, त्यात उन्हातान्हात घाम गेला, तर चार दिवसांत मूत्रपिंड बसू शकते. ऊसतोडणी करणाऱ्या बाईला किंवा दिवसभर उभ्या राहणाऱ्या वॉचमनला ‘दुखण्याची गोळी घेऊ नका’ एवढेच सांगणे क्रूर आहे. रोजगार बुडणार असतो. त्यांना पॅरासिटामॉल चालते हे सांगायला हवे, शेक, पट्टा, व्यायाम दाखवायला हवा, आणि मेडिकलवाल्याला ‘मला शुगर आहे, किडनीला चालेल अशी द्या’ हे वाक्य म्हणायची सवय लावायला हवी. भस्मे आणि पाऱ्याचे प्रयोग यांबाबतीतही स्पष्ट बोलले पाहिजे. पारा असलेल्या देशी औषधांमुळे लघवीतून प्रथिन जाण्याचा एक विशिष्ट विकार होतो, हे भारतातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी अलीकडच्या वर्षांत नोंदवले आहे. औषध कोणत्या पद्धतीचे आहे यावर वाद नको. त्यात काय आहे हे लिहिलेले नसेल तर मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते घेऊ नये.

आता मीठ. मूत्रपिंडासाठी आहारातला एकच बदल करा असे कोणी म्हटले तर मी मिठाचे नाव घेईन, साखरेच्याही आधी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, त्यात दिवसभराचे सगळे आले. भारतात सरासरी सुमारे ८ ग्रॅम खाल्ले जाते. नेदरलँड्समधल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. मधुमेह नसलेले पण लघवीतून प्रथिन जाणारे ५२ रुग्ण तीत होते आणि सगळे आधीपासून दाब उतरवणारी एक गोळी घेत होते. दुसरी गोळी जोडल्यावर प्रथिन २१ टक्क्यांनी घटले. दुसरी गोळी न जोडता फक्त मीठ कमी केले तेव्हा ते ५१ टक्क्यांनी घटले. ऑस्ट्रेलियातल्या एका लहान चाचणीत मूत्रपिंडाच्या रुग्णांचे मीठ खाली आणल्यावर वरचे बीपी सुमारे १० अंकांनी उतरले. एखाद्या चांगल्या गोळीइतकाच हा परिणाम आहे. शिवाय मीठ भरपूर असेल तर टेल्मिसार्टनच्या कुळातल्या गोळ्यांचा असरही मंदावतो.

पण मराठी स्वयंपाकघरात मीठ आहे कुठे? ताटात डावीकडे वाढलेले मीठ डोळ्यांना दिसते, म्हणून सगळे तेच बंद करतात. बाकीचे भाजी-आमटीत, कणकेत आणि भातात असते. लोणच्यात, चटणीत आणि मठ्ठ्यात असते. पापडात मीठ तर असतेच, वर पापडखार, आणि त्यातही सोडियम. कोकण-गोव्यात पावसाळ्यात सुका बांगडा आणि खारवलेली मासळी असते. शहरात पाव, खारी, फरसाण, वेफर, झटपट नूडल्स. यांतले एकेक कमी करायचे तर रुग्णाच्या नव्हे, स्वयंपाक करणाऱ्याच्या हातात आहे. भात आणि पोळीतले मीठ बंद करणे हे सर्वांत सोपे पहिले पाऊल, कारण सोबतच्या भाजीत ते असतेच. पापड-लोणचे रोज नको, सणाला चालेल. चव आणण्यासाठी लिंबू, कोकम, चिंच, लसूण, जिरे, ओली मिरची आहेच. जिभेला काही आठवडे अळणी लागते, मग तीच जीभ जुने खारट अन्न नाकारू लागते. एवढा काळ घराने धीर धरायचा.

इथे दोन गैरसमज मोठे आहेत. सैंधव आणि काळे मीठ ‘चालते’ म्हणून सर्रास वापरले जाते. तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे. दुसरे, बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारे मीठ. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या जवळपास २१ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. निष्कर्ष २०२१ साली आले आणि ते फार महत्त्वाचे आहेत. पण गंभीर मूत्रपिंडविकाराचे लोक त्या चाचणीत घेतलेले नव्हते. मूत्रपिंड थकलेले असेल आणि जोडीला टेल्मिसार्टनची गोळी चालू असेल तर रक्तातले पोटॅशियम इतके चढू शकते की हृदयाचे ठोके बिघडतात. ज्याला मीठ कमी करण्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्यासाठीच हे मीठ धोक्याचे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये.

घरातल्या ताटाबद्दल आणखी एक बोलायचे आहे. पथ्य पुरुषाचे असते तेव्हा त्याची भाजी वेगळी काढली जाते, सून-बायको आठवण ठेवतात. तेच पथ्य बाईचे असते तेव्हा ती सगळ्यांचे चविष्ट करून वाढते आणि उरलेले, तेच खारट, स्वतः खाते. तिच्यासाठी कोणी वेगळे काढत नाही आणि ती मागत नाही. भारतात जिवंत मूत्रपिंडदात्यांत स्त्रियांचीच संख्या मोठी आहे, हेही इथेच आठवावे. म्हणून आहाराचा सल्ला रुग्णाला एकट्याला देऊन भागत नाही. घरातल्या सगळ्यांचे मीठ उतरवा, हाच सल्ला न्याय्य आहे, आणि ज्या घरात एकाला बीपी आहे त्या घरात इतरांनाही त्याचा फायदाच होतो.

पाण्याविषयी घरोघरी सांगितले जाते की भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघते. कॅनडात ६३१ मूत्रपिंड रुग्णांवर हे तपासले गेले; २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षात जास्त पाणी पिणाऱ्यांच्या मूत्रपिंडांचा ऱ्हास जराही मंदावलेला नव्हता. तहानेप्रमाणे पाणी, आणि सूज किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच. डाळींबद्दल याच्या उलट अतिरेक होतो. ‘क्रिएटिनीन वाढलंय, डाळ बंद’ असे ऐकून माणसे भात आणि पातळ ताकावर राहतात आणि हातापायांची काडी होते. मूत्रपिंडविकाराच्या मधल्या-पुढच्या टप्प्यांत किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिने, असे आजचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. वरण-भात, भाकरी-उसळ, दही खाणाऱ्या आपल्याकडच्या पुष्कळ लोकांच्या पोटात तेवढीही प्रथिने जात नाहीत. कमी करायची ती जिममधली पावडर आणि रोजची मटणाची वाटी.

महाराष्ट्रात तंबाखू हा वेगळाच अध्याय आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले सुमारे एक चतुर्थांश प्रौढ तोंडात घालायचा तंबाखू वापरताना आढळले. विडी-सिगारेट ओढणारे त्या मानाने फार थोडे. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण चुना-तंबाखूची पुडी आणि मिश्री घराघरांत आहे. दवाखान्यात ‘सिगारेट ओढता का?’ असे विचारले जाते, उत्तर ‘नाही’ येते आणि प्रश्न तिथेच संपतो. मिश्री लावणाऱ्या आजीला आपण तंबाखू घेतो असे वाटतच नाही. तिला थेट मिश्रीबद्दलच विचारावे लागते.

एवढे सगळे माहीत असून होत का नाही? कारण माहितीने वागणे फारसे बदलत नाही. भीती दाखवून तर आणखीच कमी. ‘असंच चालू ठेवलंत तर डायलिसिस लागेल’ हे दटावणे ऐकून माणूस घरी जातो, दोन दिवस उपाशी राहतो, तिसऱ्या दिवशी लग्नाला जातो आणि पुढच्या तारखेला दवाखानाच टाळतो, कारण बोलणी खायची नसतात. अशी लाज वाटलेला रुग्ण हातचा जातो. विल्यम मिलर आणि स्टीफन रोल्निक या मानसशास्त्रज्ञांनी संवादाची वेगळी रीत घडवली: सांगण्याआधी विचारायचे, बदलाचे कारण रुग्णाच्याच तोंडून येऊ द्यायचे, आणि पहिले पाऊल त्यालाच निवडू द्यायचे. ‘काका, यातलं तुम्हाला कोणतं जमेल?’ हा प्रश्न दहा सूचनांपेक्षा पुढे नेतो. सवय बसायला किती दिवस लागतात यावर लंडनमध्ये झालेला एक अभ्यास २०१० मध्ये आला. सरासरी ६६ दिवस निघाले, पण कोणाला १८ दिवस पुरले तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. महिनाभरात जमले नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा सांगावा. सवय आधीच्या सवयीला जोडली की लवकर बसते: गोळ्यांची डबी चहाच्या डब्याशेजारी, चालणे दूध आणायच्या वेळेला.

मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी खास आखलेल्या वर्तनबदलाच्या चाचण्या बहुतेक लहान आणि अल्पकालीन आहेत, आणि त्यांचा सूर सारखा आहे. आधार चालू असतो तोवर मीठ उतरते, बीपी उतरते; आधार काढला की फरक पुसट होतो. जिथे आधार वर्षानुवर्षे टिकला तिथे निकाल वेगळे आले. नेदरलँड्समधल्या ‘मास्टरप्लॅन’ अभ्यासात ७८८ रुग्णांपैकी निम्म्यांना डॉक्टरांच्या जोडीला प्रशिक्षित नर्सचा पाठपुरावा मिळाला. पहिली काही वर्षे फरक जेमतेम होता. पाचेक वर्षांनंतर मात्र मृत्यू, डायलिसिस किंवा क्रिएटिनीन दीडपट होणे यांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी भरले. आपल्या उपखंडातला पुरावाही याच दिशेचा आहे. भारत आणि पाकिस्तानातल्या दहा दवाखान्यांत झालेल्या ‘कार्स’ चाचणीत मधुमेहींना एक समन्वयक जोडून दिला, जो डॉक्टर नव्हता पण फोन करायचा, तारखा सांभाळायचा. साखरेसोबत बीपी किंवा कोलेस्टेरॉलही आटोक्यात असलेले रुग्ण नेहमीच्या उपचारांच्या गटात ८ टक्के होते, समन्वयकाच्या गटात १८ टक्के. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण वस्त्यांत सरकारी आरोग्यसेविका घरी जाऊन बीपी मोजू लागल्या, बोलू लागल्या. दोन वर्षांनी तिथले वरचे बीपी इतर वस्त्यांपेक्षा ५ अंकांनी जास्त उतरलेले होते.

महाराष्ट्राला यासाठी दूर पाहायची गरज नाही. ‘भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ २०१७च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू झाला, त्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे आपले जिल्हे होते. त्यात नवीन औषध नव्हते. ठरलेली दोन-तीन साधी औषधे, एकदम तीस दिवसांच्या गोळ्या, शक्यतो जवळच्या उपकेंद्रात, आणि आला नाही त्याला शोधून विचारणे, एवढीच त्याची मांडणी. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर या उपक्रमाचा गौरव झाला. गोळ्या दहा दिवसांच्याच मिळाल्या तर मजूर रोज बुडवून महिन्यात तीनदा येत नाही. त्याचे बेफिकीर वागणे म्हणून ज्याची नोंद होते ते बऱ्याचदा एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी असते. व्यवस्थेने आपले वागणे बदलले की रुग्णाचे बदलते, याचा याहून सरळ पुरावा नाही.

डायलिसिस आता अनेक जिल्हा रुग्णालयांत मोफत मिळते, त्यासाठीची राष्ट्रीय योजना २०१६ पासून आहे, आणि ज्यांना ते लागते त्यांच्यासाठी ती जीवदान आहे. पण आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, म्हणजे वर्षाला दीडशेहून अधिक फेऱ्या. सोबतीला घरातले कोणीतरी, त्याचाही रोज बुडालेला. एका फेरीत यंत्रातून सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी जाते. या खर्चाच्या तुलनेत लघवीतले अल्ब्युमिन तपासण्याचा खर्च अगदी किरकोळ आहे. बीपी-शुगरच्या कार्डावर आज दोन आकड्यांना जागा आहे. वर्षातून एकदा भरायचा तिसरा रकाना लघवीतल्या अल्ब्युमिनसाठी छापावा. तो रिकामा राहिला तर आशाताईंनी घरी जाऊन विचारावे, आणि जाताना आजींच्या गोळ्यांच्या डबीत वेदनाशामक किती आहेत तेही पाहून यावे. सातारा-सिंधुदुर्गात नोंदवही आहे, तीस दिवसांच्या गोळ्या आहेत, विचारणारी माणसे आहेत. तिथून हे या वर्षीच सुरू करता येईल.